छापून आलेला ‘व्हय’

मी, सत्यवती गुणाजी मेतर, धंदा मासेविक्री, राहणार आचरे, खालची वाडी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. कोणाचा दाब नाही, आणि डोके ठिकाणावर आहे. नसते तर काल सुरमईचा भाव पाडून मागणाऱ्या खोतीणबाईला मी तशीच परत धाडली नसती. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि शाळेतून निवृत्त झालेले बाबू मास्तर लिहितात. ते माझे बोलणे कोर्टाच्या भाषेत घालतात; जिथे मला पटत नाही तिथे मी माझेच शब्द ठेवायला लावते.

१. वाडीची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, त्यातली माझ्या घोवाची वाटणी नणंद राधाबाई हिच्या घराला मिळावी. मासळीची पाटी आणि विळीही तिलाच. विळीला धार आहे. राधाबाईच्या जिभेइतकी नाही, पण चालेल.

२. माझ्या कानातल्या कुड्या मुंबईची सून सुशीला हिला द्याव्यात. पोर गुणाची आहे. नवऱ्याने अडवले नसते तर ती कधीच मला भेटायला आली असती.

३. माझ्या मरणाची बातमी कुठल्याही पेपराला देऊ नये. का, ते लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी ‘म्हातारी तऱ्हेवाईक होती’ म्हणायला नको.

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत एक उमेदवार आमच्या वाडीत सभेला आले. नाव घालत नाही; माझ्या मृत्युपत्रात त्यांना कशाला जागा? माणूस हुशार. भाषण सोडून त्यांनी गाऱ्हाणेच घातले. देवळात एकजण मागणे मागतो आणि दर मागण्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो, हे आमच्या रांगत्या पोरांनाही ठाऊक. “बा देवा म्हाराजा, ह्या वाडीक रस्तो होवंदे!” व्हय म्हाराजा! “जाळ्यात मासळी गावांदे!” व्हय म्हाराजा! लोक खूश. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या घोवाचा, कारण रापण ओढताना हाक तेच देत. मग त्याच चालीत साहेब हसत हसत म्हणाले, “ही खाऱ्या पाण्यातली काळी जात, हिका मत कसला कळता? जो नारळ दाखवीत, तेच्या पेटयेत चिठी!”

व्हय म्हाराजा!

कानाला कळायच्या आधी तोंड बोलून गेले होते. मग वाडी गप्प झाली. खुर्च्यांवरची मंडळी मात्र पोट धरून हसली.

पेपरवाले तिथेच बसले होते. साहेबांच्या बाजूच्या पेपराने ‘काळी जात’ गाळली आणि छापले की, साहेबांच्या विनोदाला मच्छीमार बांधवांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दिलखुलास दाद दिली. विरोधातल्या पेपराने मोठ्या अक्षरांत छापले, ‘आमचे मत विकाऊ! मच्छीमारांचीच कबुली’, आणि खाली माझ्या घोवाचा तोंड उघडलेला फोटो. एकाला साहेबांना वाचवायचे होते, दुसऱ्याला पाडायचे होते. तुमचे म्हणणे काय, हे विचारायला एकही मेला वाळूत उतरला नाही. माझे घोव मालवणला बातमीदाराकडे गेले. तो म्हणाला, “फोटो खोटा आहे का? तोंड तुमचंच ना?” तोंड त्यांचेच होते.

आमचा एकुलता मुलगा दत्ताराम मुंबईला गोदीत कामाला. तिथे कोणीतरी तो फोटो भिंतीला चिकटवला. चतुर्थीला घरी आला तो भांडतच. “बाबा, दोन पेपर एकमेकांचे वैरी. दोघांतय तोच ‘व्हय’ छापून इलो. मगे खोटो कसो?” दत्ताराम दुसऱ्या दिवशी गेला, तो आजवर आला नाही. बापाला खांदा द्यायलाही नाही.

तेव्हापासून माझे घोव देवळात कोपऱ्यात उभे राहत. गाव ‘व्हय’ म्हणे, ते ओठ मिटून. मी म्हटले, “देवासमोर तरी बोला वो.” तर म्हणाले, “माजो व्हय आता माजो रवलो नाय गो.” तसेच गप्प राहून ते साठ साली गेले. मला त्यांची फार आठवण येते. मास्तरांनी हे असेच लिहावे, कोर्टाची भाषा करू नये.

४. पुढच्या आठवड्यात मतदान आहे आणि तेच साहेब पुन्हा उभे आहेत. परवा येऊन मला ‘आवशी’, म्हणजे आई, म्हणून पाया पडून गेले. नारळही ठेवला होता. तो मी त्यांच्या गाडीत परत ठेवला. मत मृत्युपत्राने कोणाच्या नावे करता येत नाही, असे मास्तर सांगतात. म्हणून तोवर जगायचे ठरवले आहे. मत कोणाला, ते मास्तरांनाही कळणार नाही.

५. राहते घर, विहिरीतला हिस्सा आणि माड यांसह, मुलगा दत्ताराम यास द्यावे. ~~मात्र घराचा ताबा घेण्यापूर्वी त्याने गावच्या देवळात सर्वांसमक्ष उभे राहून, आपला बाप खोटा नव्हता आणि त्याने आपली जात विकली नाही, असे मोठ्याने बोलावे. न बोलल्यास घर राधाबाईकडे जावे.~~

लिहिणाराची टीप: वरील मजकूर बाईंना वाचून दाखवला. कलम पाच ऐकून त्यांनी मला थांबवले. मग म्हणाल्या, “मास्तरानू, ती अट खोडा.” मी म्हटले, “सत्यवतीबाई, ह्या अटीसाठीच तर तुम्ही मला बोलावलंत.” त्यावर त्या म्हणाल्या, “अट घालून तेच्या तोंडातसून काढलेलो व्हय माका नको. असोच काढून घेतलेलो व्हय माज्या घोवाक खाऊन गेलो. घर तेचा आसा. बापाशीबद्दल काय बोलाचा वाटला तर बोलात, नायतर गप रवात. पण येवंदे. पावसाच्या आधी येवंदे, म्हणजे कौला शाकारूक गावतीत.” अट त्यांच्या समक्ष खोडली. खोडलेल्या ओळींवर त्यांनी वेगळा अंगठा केला.

सत्यवती गुणाजी मेतर, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: १. गंगाराम विठू धुरी (सही) २. मथुरा बाळा सारंग (अंगठा)

लिहिणार: बाबू मास्तर (सही)

ठिकाण: आचरे. तारीख १२ फेब्रुवारी १९६२.