हासळीची गाठ

१२ जून

थोरल्या, तीन महिन्यांनी पत्र आलं, तेही बायकोच्या अक्षरात. तुझे हात झिजले काय? तुला शाळेत टिकवायला दोन मास्तरांशी भांडले, ते याच दिवसासाठी? असो. आता अ. आशीर्वाद घे.

कारखान्यात दगडाच्या त्या पांढऱ्या भुकटीत दहा वर्षं काढलीस. खोकला गेला, की अजून थंडी बाधली म्हणतोस? उन्हाळ्यात कसली रे थंडी? नातसुनेला सांग, कामाचे कपडे घरात झटकू नको, बाहेर पाण्यात बुडव. मी ठणठणीत. दात दोनच उरलेत, जीभ शाबूत आहे.

माया असेल तर स्वतःच्या हाताने चार ओळी लिही.

आजी

२० जून

ती. आजींस सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हे हसले, आणि हसता हसता धाप लागली. हे स्वतः लिहायला बसले, पण दुसऱ्या ओळीलाच यांनी पेन ठेवलं. तुम्हाला कळवू नको म्हणतात, पण मी किती झाकू? चार पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. आडवं होता येत नाही, बसूनच झोपतात.

कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यांचे चार वर्षांचे छातीचे फोटो दाखवले. म्हणाले, छाती स्वच्छ आहे. गळ्याखाली हासळीचं हाड लहानपणी मोडून जुळलंय, त्याची गाठसुद्धा दिसते, मग धूळ दिसली नसती का? दुखणं कारखान्याचं नव्हे, घरचं. मी म्हटलं, आज नवा फोटो काढा. तर यांनीच मला हाताला धरून बाहेर आणलं. दगड दळायच्या खोलीतून यांना हलवत नाहीत. तिथे धूळ ओढणारा पंखाही बसवत नाहीत. तिथे आणखी चौदा जण आहेत, त्यांनी पंखा मागितला की यांचेच फोटो पुढे करतात.

आजी, यांची हासळी कधी मोडली होती? मला कधी बोलले नाहीत.

स्वतःला जपा, आणि आमच्यावर रागावू नका.

तुमची नातसून

२६ जून

धाकट्या, हासळी तुझी मोडली होती. सात वर्षांचा होतास, माकडासारखा भिंतीवर चढलास आणि पडलास. पट्टी मी बांधली. तुझ्या भावाचं एकही हाड कधी मोडलं नाही. आशीर्वाद मागाहून, आधी ऐक.

त्याला पहिल्यांदा खोकला लागला तेव्हा तपासणीत काम जाईल म्हणून मीच तुला म्हटलं होतं, दोघांची तोंडं एका साच्यातली, त्याचा बिल्ला लाव आणि फोटोला उभा राहा. केवढी हुशार वाटले होते मला मी! एकदाच म्हटलं होतं. तुम्ही दोघांनी चार वर्षं चालवलंत आणि मला सांगितलं नाहीत. पण वाट मी दाखवली.

आता तो तोंड उघडत नाही. का, ते मला कळतं. फसवणूक बाहेर आली तर तुझी कंडक्टरची नोकरी जाईल. जाऊ दे. दोन घास माझ्याकडे आहेत. कुणी शिकवलं विचारलं तर माझं नाव सांग, मी येऊन उभी राहते.

तो बरा होईल असं मी म्हणत नाही. बसली ती धूळ बसली. पण त्या खोलीत अजून चौदा जण तुझ्या छातीच्या भरवशावर श्वास घेतायत.

माझी माया आटणारी नाही, ती गृहीत धर. या पत्राला थोरल्याने उत्तर द्यायचं नाही, त्याला श्वास पुरवून वापरायचाय. तू द्यायचं. मला नको, त्या डॉक्टरला दे. समोर उभा राहून, शर्ट काढून.

आजी