कॅमेऱ्याला सावली

७ मे, मंगळवार

चिखल्याच्या खाणीवरून परत. गाडी दिवसभर वजनकाट्याच्या आवारात, उन्हात. निघताना बघतो तर काचेवरचा कॅमेरा सुटून डॅशबोर्डवर पडलेला. हात लावला, चटका बसला. चालू होईना. घरी निवल्यावर झाला. तारीख मात्र १ जानेवारी दाखवतो.

कॅमेरा हा सुषमाचा आग्रह. एका टिप्परने मागे येता येता आमचा बंपर मोडला आणि वर ड्रायव्हरच आमच्यावर ओरडला, तेव्हापासूनचा. लावायचा मी, उतरवायची ती. काट्याच्या दुरुस्तीला मी आठवड्यातून दोनदा जातो, ती सोबत यायची. घरी एकटी काय करू म्हणायची.

फेब्रुवारीत गेली.

गेल्या उन्हाळ्यात कॅमेरा एकदाही तापला नव्हता. गाडी तर तिथेच उभी असायची.

१० मे, शुक्रवार

साकोलीहून लेकीचा फोन, मित्रा हिचा. म्हणते, "बाबा, नवीन घेऊन टाका ना. तो जुना झाला आता." बघू म्हटलं. नवीन घ्यायचा नाही.

आजचा उपाय: ओला टॉवेल गुंडाळून कप्प्यात ठेवला. आतून भिंगावर वाफ धरली. येताना पडद्यावर भर उन्हाचा रस्ता, आणि धुकं पडल्यासारखा.

काट्यावरच्या रामटेकेने पाहिलं. "साहेब, कॅमेऱ्याले लू लागली का? कांदा ठेवा त्याच्या खिशात."

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

११ मे

कॅमेरा तांदळाच्या डब्यात, सुकायला. डब्यातलं माप अजून तिचंच, दोन माणसांचं. रोज भात उरतो. सकाळी फोडणीचा करतो, बरा होतो.

१४ मे, मंगळवार

काचेला चकचकीत पडदा लावला, कॅमेरा कापडात गुंडाळून सीटखाली. कोमट राहिला, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक उभी रेघ आली.

सोबत न्यावा तर केबिन टिनाची, गाडीइतकीच तापते. मी काट्याच्या खड्ड्यात, खिशात घाम आणि मॅंगनीजची काळी धूळ.

ती कुठे ठेवायची? पर्समध्ये, असं धरून चाललो होतो. पण पर्स गाडीतच असायची. मी काट्याकडे गेलो की ती समोर कडुनिंबाखाली, देवकाबाईच्या चहाच्या टपरीवर. तीन वाजेपर्यंत तिथेच.

फेब्रुवारीपासून मी तिकडे गेलेलो नाही. गाडीही टपरीकडे पाठ करून लावतो. देवकाबाई विचारेल, मग सांगावं लागेल. काट्यावर रामटेके सोडून कोणाला माहीत नाही. त्यालाही म्हटलं होतं, बोलू नको.

१७ मे, शुक्रवार

येताना कॅमेरा रस्त्यातच बंद. पुढे-मागे टिप्पर. तेव्हाच बंद पडायचं होतं.

दुकानदाराने उघडून बघितला. बॅटरी फुगायला लागली आहे. "अजून दोन-चार वेळा असा तापला तर फेकाच." बॅटरी बदलून? म्हणे या मॉडेलची येत नाही.

पुढच्या आठवड्यात नवतपा लागतो, उन्हाळ्याचे सर्वात कडक नऊ दिवस.

२१ मे, मंगळवार

गेलो. कॅमेरा हातात घेऊन.

देवकाबाई म्हणाली, "भाऊ, रस्ता भुलले का? अन् बाई काहून नाही येऊन राहिल्या? मी म्हणलं, लेकीकडं असतील."

कॅमेरा पुढे केला. तिने सवयीने घेतला. माठामागे सावलीत दोन विटा. फळीवरून तिने एक लहान चुंबळ काढली, विटांवर ठेवली, चुंबळीवर कॅमेरा, वरून मातीचं झाकण. माठाचा गारवा लागतो, ओल लागत नाही.

"बाईनंच केली थे चुंबळ. जुन्या लुगड्याची. दुसऱ्या कोणाले हात नाही लावू दिला मी."

निळी साडी. ओळखली.

मग सांगितलं. फेब्रुवारीत गेली. ताप आला, चार दिवसांत.

ती चहा ढवळत राहिली. मग म्हणाली, "अन् तुमी आज सांगता. रोज समोरून जाता, अन् आज सांगता."

खरं आहे. मी उभाच.

"बसा. चा घ्या."

कॅमेरा तीन वाजता गार.

२३ मे

पौर्णिमा. विहारात खीरदान. मित्रा आली होती. तिला टपरीचं सांगितलं.

"पण आई तिथं दिवसभर करायची काय?"

गर्दी असली की ड्रायव्हर लोकांना चहा द्यायची म्हणे. आमचा बंपर मोडणारा तोही तिच्या हातचाच प्यायचा. साखर कमी घे म्हणून त्याला दर वेळी टोकायची.

मित्रा हसली, मग डोळे पुसले. मग पुन्हा खीर घेतली.

२४ मे, शुक्रवार

गाडी कडुनिंबाकडे तोंड करून लावली. कॅमेरा चुंबळीवर.

खड्ड्यातलं काम लवकर आटोपलं. बाकावर बसलो. मी फार बोलत नाही, देवकाबाईला चालतं. तीन टिप्पर एकदम आले. "भाऊ, त्यायले कप द्या जरा." दिले. एक सांडला.

"बाई नोहोत्या सांडवत," देवकाबाई.

२८ मे, मंगळवार

नवतपा. डांबर चिकटतं चपलेला. कॅमेरा जाताना चालला. येताना अर्ध्या वाटेत बंद, पुन्हा आपोआप चालू. रेघ तशीच. तारीख १ जानेवारी, मीही बदललेली नाही.

निघताना देवकाबाईने चुंबळ हातावर ठेवली. "घरी न्या. तुमची वस्तू होये."

वास घेऊन बघितला. चहाचा आणि धुराचा. तिच्या कपड्यांचा नाही आता.

परत फळीवर ठेवली. "असू द्या इथंच. शुक्रवारी लागेल."

"अन् कॅमेरा बंदच पडला तं?"

"तर चहा प्यायला येईन."

"मंग कप नीट धरा," म्हणाली.

आज एकही कप सांडला नव्हता, तरी.