माझे तीन स्क्रू

३ जून
आज मेहुण्याच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. पुढे आलेले दात मागे ओढायला हाडात पक्का आधार लागतो, तो हा. तीन मी बसवले. चौथ्याच्या वेळी हेड सरांचा फोन आला, म्हणून तो ज्युनियर बाईंनी बसवला. बाईंचा हात कच्चा. त्यांचा मोजण्यात अर्थ नाही. माझे तीन रोज मोजणार. त्यावर पेपर, पेपरवर प्रमोशन. ठरलं.

५ जून
यंत्र पेनासारखं आहे. स्क्रूवर टकटक करतं आणि आकडा देतं. आकडा जितका कमी, तितका स्क्रू घट्ट. माझे आकडे बघून मलाच माझा हेवा वाटला. खात्रीसाठी चिमट्याने हलवूनही पाहिलं. ढिम्म!

९ जून, सकाळी
आकडे किंचित चढलेत. सुरुवातीला असं होतंच.

९ जून, संध्याकाळी
मेहुणा जेवायला आला होता. दोन घासांच्या मधे मोजून घेतलं. भावोजी, दुखतंय हो, म्हणाला. लहानपणापासून कांगावखोर असणार. हिला तसं सांगितलं. ही गप्प बसली, म्हणजे पटलं.

१४ जून
तिन्ही स्क्रू अर्धा फेरा जास्त पिळले. मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी. विज्ञानासाठी कुणालातरी सोसावंच लागतं. ज्युनियर बाई म्हणाल्या, सर, थोडे दिवस हात लावू नका ना, हाडाला धरू तर द्या. मला शिकवतात! डिग्री कुठून आणली कोण जाणे.

१९ जून
उद्यापासून दिवसातून एकदाच मोजायचं. चिमटा बंद. निश्चय पक्का.

२० जून
चारदा मोजले. पहिले तीन आकडे चुकीचे वाटत होते. चिमटा फक्त शेवटी.
हिरडी सुजली आहे. मेहुणा ब्रश नीट करत नाही. माझा भाऊ माणूस आहे की प्रयोगातला उंदीर, असं हिने विचारलं. उंदीर इतकी कुरकुर करत नाहीत, असं मी म्हटलं. तेव्हापासून ही बोलत नाही. बरंय, पेपर लिहायला शांतता.

२७ जून
आज अख्ख्या डिपार्टमेंटसमोर प्रेझेंटेशन. नुसते आकडे काय दाखवायचे, म्हणून मेहुण्याला खुर्चीत बसवलं, चिमट्यात स्क्रू धरला आणि जोर लावला. हातात आला. दुसराही आला. तिसरा मेहुण्याने स्वतःच जिभेने ढकलून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.
हेड सरांनी बाईंचा चौथा हलवून पाहिला. मेहुण्याची मान हलली, स्क्रू नाही. हाच कसा टिकला, असं सरांनी विचारलं. याला आमच्या सरांनी हात लावला नाही म्हणून, असं बाई माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या. सगळे हसले. सगळ्यात जास्त मेहुणा.
निष्कर्ष: चिमटा बदलायला हवा.

३० जून
मेहुणा यापुढे बाईंकडेच जाणार. जाऊ दे. रडत माझ्याकडेच परत येईल.

११ मे, पुढचं वर्ष
आला नाही. बाईंचा पेपर छापून आला. प्रमोशनही त्यांनाच. माझं नाव नाही, पण उल्लेख आहे: 'बसवणाऱ्याने वारंवार चाचपल्यामुळे निकामी झालेले तीन स्क्रू'. हिने तो भाग जेवताना भावाला मोठ्याने वाचून दाखवला. तो तोंड भरून हसला.
दात सरळ झालेत. सगळे.