पुढून काढलेला बजरंग

३ डिसेंबर
शिरूर कासारहून टमटमने आले. गाव बघून खूश झाले. निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय, दारांना कुलपं, गल्लीत कोंबड्यांचं राज्य. सिनेमा किंवा गेम बनण्याआधी त्यातली घरं, माणसं कशी दिसतील ते कागदावर आणायचं, हे माझं काम. म्हणजे मिळालं तर. महिनाअखेर पुण्याच्या स्टुडिओला पोर्टफोलिओ पाठवायचाय. आईच्या मते मी रिकामटेकडी आहे. बघू.

घरमालकीण छबुबाई एकटीच असते. मुलगा बजरंग आणि सून बबिता कोल्हापूरकडे ऊस तोडताहेत. छबुबाईकडे फोन नाही, म्हणून बबिताला माझा नंबर दिला. आल्या आल्या भाकरी आणि ठेचा मिळाला. लाड चाललेत.

८ डिसेंबर
घरं काढून झाली, कुलपं झाली. माणूस एकही नाही. दिवसभर बोलायला कोणी नसलं की मी पेन्सिलीशी बोलते. छबुबाई म्हणाली, माज्या बजरंगाला काढ की, लई दिस झाले तोंड बघून. ती सांगत गेली, मी काढत गेले. भुवईवरचा व्रण, एका बाजूला जाणारं हसू. पात्र पुढून, बाजूने आणि पाठीमागूनही काढायचं असतं. मी कंटाळा केला, पुढूनच काढलं. छबुबाईने ते चुलीजवळच्या भिंतीला चिकटवलं. त्याच्याशी बोलत बसते. खरं सांगायचं तर मला हेवा वाटतो.

१२ डिसेंबर
बबिताचा फोन. बजरंग कालपासून उसाच्या फडात दिसत नाही. छबुबाईला सांगितलं, तर भाकरी थापतच म्हणाली, त्यो हितंच हाय की.

भिंतीवरचा कागद कोरा आहे.

१३ डिसेंबर
चुलीपाशी बसलाय. तोच व्रण, तेच हसू. बोलत नाही. मी बाजूने गेले तर तिथे कोणीच— कागद कडेने दिसावा तेवढाच. मला भयंकर भीती वाटतेय.

१५ डिसेंबर
बबिताचा फोन. रडत होती. बजरंग उसात सापडला. पाठमोरा होता, लगेच ओळखला. पुढे जाऊन बघितलं तर चेहरा नाही, छाती नाही. श्वास चालू आहे. पाठीवर हात ठेवून बसलेय म्हणाली.

१६ डिसेंबर
चुलीपाशी बसलेल्याला पाठ नाही, म्हणून वळता येत नाही. सारखा माझ्याकडे तोंड. छबुबाई पाया पडली, पाठ काढ गं बाई, लेकराला आडवं होता येईना. मी म्हटलं, ती पाठ बबितापाशी आहे. म्हणाली, तिला दुसरा मिळंल. मला न्हाई मिळायचा.

१७ डिसेंबर
बॅग भरली. तो दारात उभा आहे. बघतोय. हाक मारायला गल्लीत माणूस नाही—

पाठ काढली तर वळेल. जाईल. कागद घेतला.

मान झाली. खांदे— बबिताचा फोन वाजतोय. उचलला तर हात थांबेल.

कंबर. तो वळू लागलाय. नजर सुटली, किती बरं—

फोन वाजायचा थांबला. बबिता, तुझ्या हाताखाली अजून काही लागतंय का?