चूलदेवाची वडी माझ्या तोंडात

मोठ्या ताईस धाकट्या चिनफंगचा वाकून नमस्कार.

दातोंगला थंडी कशी आहे? भाऊजींचा खोकला उतरला का? नसेल तर त्यांना सांग, खाणीतून आल्यावर आधी गरम पाणी प्या आणि मग विडी पेटवा, उलटं नको. (ऐकणार नाहीत. माझं कुणीच ऐकत नाही.) तुझा गुडघा, तुझी सून आणि सुनेची ती कर्कश कोंबडी, सगळ्यांचं बरं असो. आम्ही ठीक. अंगणातल्या व्हिनेगरच्या रांजणांवर बर्फ धरलाय, लिंगह्वाचे बाबा रोज सकाळी तो फोडून फेकतात, म्हणजे खालचं व्हिनेगर दाट होतं. त्या कामात ते इतके गंभीर असतात की वाटावं, बाळंतपणच चाललंय.

आता मुद्दा. आपल्या लिंगह्वाचं लग्न ठरलं. उठू नकोस, बस, पूर्ण वाच. ते माझ्या गप्प बसण्यामुळे ठरलं. भाऊजींना हसायचं असेल तर आत्ताच हसून घेऊ देत, पुढे वेळ मिळणार नाही.

आधीची दोन स्थळं कशी गेली ते तुला ठाऊक आहे. पहिल्याचा बाप आमच्या घरी बसल्या बसल्या घोरायला लागला. मी त्याला उशी आणून दिली आणि म्हटलं, लग्नही झोपेतच उरकूया का? दुसऱ्या मुलाने केसांना इतकं तेल थापलं होतं की माशी बसली असती तर घसरून पडली असती. मी तसं म्हटलं. त्याच्याच तोंडावर. यात खोटं काय होतं सांग? पण लोकांना खरं ऐकायचं नसतं, गोड शेवया खायच्या असतात. तेव्हापासून मध्यस्थ न्यू मावशी मला पाहिलं की रस्ता ओलांडते, आणि तिच्या लंगड्या पायाला ते मुळीच सोपं नाही.

हे तिसरं स्थळ मात्र पोरीने स्वतः शोधलं. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमधला मुलगा, आडनाव यान. लिंगह्वा फोटो स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंना ब्रशने रंग भरते ना, तिथे हा ओळखपत्राचा फोटो काढायला आला. तिने त्याचे गाल जरा जास्तच गुलाबी रंगवले. तो भांडायला आला आणि हसत परत गेला, मग रोजच काही ना काही कारण काढून यायला लागला. कान मोठे आहेत, पण मुलगा बरा आहे. (कानांबद्दल मी अजून एक अक्षर बोललेली नाही. यावरून काय ते समज.) पोरीने मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "आई, हा गेला तर मी दुसरा बघणार नाही. तुझ्याच चुलीपाशी म्हातारी होईन, आणि रोज दोन वेळा तुझ्याशी भांडेन." ताई, पोर खोटी धमकी देत नाही. माझ्यावर गेलीये.

तर बाराव्या महिन्याची तेविसावी तारीख. चूलदेवाला निरोप द्यायचा दिवस. जगात इतके देव आहेत, पण चुगलखोर तेवढा नेमका आपल्या चुलीवरच्या भिंतीवर. वर्षभर तिथे चिकटून घरातलं सगळं ऐकतो आणि वर जाऊन स्वर्गातल्या राजाला सांगतो. (मध्ये जी वर्षं देव ठेवायची बंदी होती, तेव्हा मी त्याचं चित्र पिठाच्या डब्याखाली दडवलं होतं. तेव्हाही तो ऐकत असणार, फक्त पिठातून.) म्हणून त्याला निघताना ती जवाची चिकट वडी ओठांना फासायची, म्हणजे तोंड उघडलंच तर गोड बोलेल, नाहीतर उघडणारच नाही. आणि हे करायचं पुरुषांनी. बायकांनी चुलीची पूजा करायची नाही म्हणे. चूल फुंकायची आम्ही, आणि देवाला लाच द्यायला हे.

लिंगह्वाचे बाबा बाजारातून वड्या घेऊन आले आणि चुलीच्या काठावर ठेवून बर्फ फोडायला गेले. आता ती वडी थंडीत काचेसारखी कुरकुरीत असते, पण उबेला ठेवली की रबर. हे कोण विसरतं? पुरुष विसरतात. लिंगह्वा म्हणाली, "आई, जरा चाखून बघ गं, गेल्या वर्षीसारखी करपलेली नाही ना." मी सगळ्यात मोठी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. (तू म्हणशील, चाखायला अख्खी कशाला? मला कुरतडत बसायला वेळ नसतो.) एकदा दात रोवले आणि झालं. वरचे दात खालच्या दातांना असे चिकटले की जणू जन्मापासून एकच होते. नवी कवळी तर टाळूवरून निघून वडीतच जाऊन बसली. आणि नेमक्या त्या क्षणी दारात न्यू मावशी, आणि तिच्या मागे मुलाची आई, माहेरची फान, म्हणून फान बाई. घर बघायला. कसलीही पूर्वसूचना न देता.

मी पोरीकडे पाहिलं. ताई, त्या पोरीचा चेहरा! आईचे दात चिकटल्याचं दुःख तिथे कुठेही नव्हतं.

फान बाई खालून शेकलेल्या कांगच्या ओट्यावर चढून बसल्या, मांडी घातली आणि बोलायला लागल्या. त्यांचा गल्लीच्या टोकाला टोफूचा गाडा आहे आणि टोफूबरोबर त्या गावाच्या बातम्याही मोफत देतात. पोरीने पुढे केलेल्या शेवया चाखून म्हणाल्या, "विहीणबाई, शेवया छान लाटल्यात, पण तुमचं व्हिनेगर जरा पातळ वाटतं नाही?" आमचं व्हिनेगर! पातळ! माझ्या डोळ्यांसमोर लाल चांदण्या आल्या. तोंडातून निघालं काय, तर "म्म्म." न्यू मावशी चटकन म्हणाली, "बघा, किती मोकळ्या मनाच्या. चूक लगेच मान्य." लिंगह्वाचे बाबा तोवर आत आले होते, ते रांजणासारखे गार पडले. मग फान बाई म्हणाल्या, मुलीचा रंग जरा सावळाच आहे, पण टोफूशेजारी उभी राहिली की कुणीही सावळंच दिसतं. म्म्म. लग्न पहिल्या महिन्याच्या सहाव्या तारखेला. म्म्म. वाफवलेले पाव मुलीकडून, टोपल्या भरून. म्म्म. आणि मग गोड आवाजात, "लग्नानंतर ते फोटो रंगवणं बंद करू या, काय? मला गाड्यावर हात हवाय."

इथे मी खरंच बोलायला गेले. सगळा जोर लावला. जबडा कडकडला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाहेर पडलं तेच, "म्म्म्म!" फान बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "रडू नका हो, विहीणबाई. मी मुलीसारखीच ठेवेन तिला." लिंगह्वा पांढरी पडली. तिनेच मला चूप बसवलं होतं, आता बोल कुणाला लावणार?

त्या गेल्यावर मी गरम पाण्याच्या गुळण्या करून करून तोंड सोडवलं. पहिले शब्द जे निघाले ते चूलदेवासमोरच निघाले, इथे लिहीत नाही. तोवर उरलेल्या वड्या न्यू मावशीने खाऊन टाकल्या होत्या (तिचे दात चिकटले नाहीत, देव बघतच नाही असं नाही, पण निवडून बघतो). देवाच्या ओठांना लावायला काहीच उरलं नव्हतं. शेवटी कवळीतून निघालेला तुकडा मीच त्याला फासला आणि लिंगह्वाच्या बाबांनी चित्र पेटवून त्याला वर धाडलं. आता वर जाऊन जे काय सांगेल ते माझ्याच लाळेने सांगेल. गावभर मात्र बोभाटा झालाय की व्हिनेगरवाल्या हाओच्या बायकोसारखी सोशिक विहीण शोधून सापडायची नाही. काल व्हिनेगर घ्यायला आलेली एक बाई मला बघून हळू आवाजात बोलली. माझ्याशी! मी आजारी आहे का?

सगळ्यांना आशीर्वाद. नव्या वर्षी तुझ्या घरी भरपूर धान्य असो आणि त्या कोंबडीचा रस्सा होवो.

तुझी,
चिनफंग

ता. क. हे पत्र केवळ आनंदाची बातमी कळवायला लिहिलं, दुसरं काही नाही.

ता. क. दुसरा. आता खरं सांगते. पाचव्या तारखेच्या आत ये. आल्या आल्या फान बाईंकडे जा आणि आपल्या आईसारखी कमरेवर हात ठेवून सांग, की मुलगी ब्रश सोडणार नाही. मी बोलले तर लग्न मोडेल, नाही बोलले तर पोर आयुष्यभर टोफू कापेल. तुझं काही जात नाही, तू दातोंगला परत जाणार. व्हिनेगरचाही हिशेब चुकता कर, पण ते नंतर. आधी ब्रश.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत हे घडलं, म्हणून पत्र पुन्हा उघडलं. लिंगह्वा आज एकटीच टोफूच्या गाड्यावर गेली आणि भर बाजारात फान बाईंना म्हणाली, "मी फोटो रंगवणार, आणि तुम्हाला पटत नसेल तर आत्ताच सांगा, माझा रंग वाळतोय." मी कोपऱ्यावरून ऐकत होते. फान बाईंनी टोफूचा सुरा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बाई गं, सुटले! मला वाटलं तूही तुझ्या आईसारखी मुकी. घरात दिवसभर मी बोलणार कुणाशी?" आणि लग्न जसं होतं तसं पक्कं.

म्हणजे आता तुझ्या तोंडाचं काम उरलं नाही. तरी ये. चौथ्या तारखेलाच ये. पोरीने मला सहाव्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत सोशिक राहायची शपथ घातली आहे, आणि त्याआधी मला कुणाशी तरी पोटभर भांडून रिकामं व्हायलाच हवं. लिंगह्वाचे बाबा उलट उत्तर देत नाहीत. तू देतेस.