पान्यावरचं कुंकू

सोलापूर, शुक्रवार, ७ फेब्रुवारी १९७५

आज गाडीचा तुटलेला फॅनबेल्ट घरीच बदलायला बसलो. डायनामोचा बोल्ट सैल करायला नवा पाना काढला, तर शेजारचे रशीदभाई म्हणाले, "जुनाच घ्या की साहेब, नवा लई सटकतोय."

जुन्यावर कुंकू होतं. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत आमच्या हिनं लावलेलं. दिवाळीनंतर ती गेली. तेव्हापासून तो पाना पेटीच्या तळाशी ठेवला होता. हे त्यांना कुठं माहीत?

घेतला. आणि सवयीनं आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसला! का पुसला? हात कसा थांबला नाही?

बेल्ट नीट बसला, रशीदभाई खूश. ते गेल्यावर फडकं उलटसुलट करून पाहिलं. कुंकू कुठंच नाही, नुसतं काळं ग्रीस.