देशमुखाचा रोल

४ डिसेंबर
शेजारच्या रोहिणखेडला शूटिंग येतंय. जुन्या कादंबरीवरचा सिनेमा. गावची माणसं जमवायचं काम आमच्या निजामभाईकडे. त्याला बजावलं, देशमुखाचा रोल असेल तरच बोल, मला वेळ नाही. संकल्प : रोज पहाटे आवाजाचा व्यायाम.

५ डिसेंबर
व्यायाम उद्यापासून. घसा बसला तर? मिशी मात्र वाढवायला घेतली.

९ डिसेंबर, दुपारी
निवड झाली! देशमुख मीच. डायरेक्टरनं मला उभं पाहिलं, बसवून पाहिलं, मग आडवं झोपवलं आणि म्हणाला, परफेक्ट. बारकाईनं काम करतो माणूस. बायकोला, सुचिताला, सांगायला आमच्या पिठाच्या गिरणीवर गेलो. आवाजात तिला ऐकू आलं नसावं. मग अख्ख्या धामणगावाला सांगितलं. मलकापूरच्या साडूंनाही फोन केला.

१२ डिसेंबर
निजामभाई म्हणतो, देशमुख पहिल्याच पानावर वारतो. म्हणजे कथा माझ्यामुळेच सुरू होते. संवाद नाहीत. कसलेल्या नटाला लागतात कुठे? संकल्प : निपचित पडण्याचा सराव. दुपारभर हललो नाही. सुचिता म्हणाली, रोजच्यासारखेच.

१५ डिसेंबर, संध्याकाळी
आज शॉट. तोंडावर पांढरं कापड, मिशी त्याखाली. भोवती रडायला गावच्या बाया, त्यात माझी सख्खी आत्या भिमाबाई. डायरेक्टर म्हणाला, मयतीत रडता तसंच रडा. आमच्याकडे बाया गेलेल्याचं सगळं आयुष्य सांगत रडतात. आत्यानं देशमुख सोडून माझंच सुरू केलं : "कसा गेला रे भागवता! सुचितानं गिरणी चालवली, तू आरशापुढून हालला नाही रे! पोरीचं लगन बी तिनंच केलं रे!" युनिटमधले लोकसुद्धा डोळे पुसायला लागले. किती सहन करायचं? उठून बसलो आणि ओरडलो, मांडव मी घातला होता! आत्या रडायची थांबली नाही : "मांडव बी पोरीच्या मामानंच घातला रे!"

१६ डिसेंबर
माझ्या जागी कापडाखाली लोड ठेवला. आमच्याच घरचा. निजामभाई सकाळी मागून घेऊन गेला. लोडाचा शॉट पहिल्याच टेकला ओके. आत्याला आणखी दोन सीन मिळाले.

१७ डिसेंबर
लोड परत आला. त्याला टेकून बसवेना. लाज वाटली. मिशी काढली, गिरणीवर गेलो आणि सुचिताला डबे उचलू लागलो. दळण घेऊन आलेल्या झुंबरबाईनं मला ओळखलंच नाही. सुचिताला विचारलं, नवा माणूस ठेवला काय वो?
सुचिता म्हणाली, "पाहून राह्यली. टिकला तं ठेवीन."